रस्ते अपघात भरपाई : दावा कुठे करायचा, कसा आणि कोणत्या पुराव्यावर

रायपूर : छत्तीसगडमध्ये एप्रिल २०२४ ते मे २०२५ या जेमतेम तेरा महिन्यांच्या काळात तीन भीषण रस्ते अपघात घडले. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री दुर्ग जिल्ह्यातील कुम्हारीजवळ कामावरून परतणाऱ्या कामगारांची बस मुरुमाच्या खाणीतील खोल खड्ड्यात कोसळली आणि किमान १२ जण मृत्युमुखी पडले. २० मे २०२४ रोजी कबीरधाम जिल्ह्यातील बाहपानी गावाजवळ तेंदूपाने गोळा करून परतणाऱ्या बैगा आदिवासींची पिकअप गाडी दरीत कोसळून १९ जणांचा मृत्यू झाला. ११ मे २०२५ च्या रात्री रायपूर जिल्ह्यातील खरोरा परिसरात, कौटुंबिक कार्यक्रमाहून परतणाऱ्या ग्रामस्थांच्या ट्रकची ट्रेलरशी धडक होऊन १३ जणांनी प्राण गमावले.

अशा प्रत्येक घटनेनंतर सरकारकडून सानुग्रह मदत जाहीर होते आणि बहुतेकांचा समज असा होतो की हीच भरपाई. प्रत्यक्षात सानुग्रह मदत हा शासनाच्या सहानुभूतीचा भाग असतो, तर भरपाई हा अपघातग्रस्ताचा कायदेशीर हक्क असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये स्थापन झालेले मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ती ठरवते. तिची रक्कम अपघात किती भीषण होता यावर अवलंबून नसते. मृताचे किंवा जखमीचे वय, उत्पन्न, अवलंबित व्यक्तींची संख्या आणि अपंगत्वाचा कमाईवर झालेला परिणाम यांच्या गणिताने ती निश्चित होते. या गणितातील प्रत्येक आकड्यामागे कागद लागतो आणि त्यांपैकी बहुतेक कागद अपघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच तयार होतात किंवा कायमचे हातचे जातात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि ४,४३,३६६ जण जखमी झाले. नागपूर, भंडारा, देवरी, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि रायपूर यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ हा विदर्भ आणि छत्तीसगड यांच्यातील व्यापाराचा, नोकरीचा आणि सोयरिकीचाही रस्ता आहे. त्यामुळे अपघात एका राज्यात आणि कुटुंब दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती मराठी भाषकांच्या बाबतीत वारंवार उद्भवते.

दावा कुठे दाखल करता येतो?

अपघात रायपूरमध्ये झाला म्हणून दावाही रायपूरच्याच न्यायाधिकरणात करावा लागतो, हा एक मोठा गैरसमज आहे. कायद्याच्या कलम १६६ नुसार अर्जदाराला तीन पर्याय आहेत : अपघात घडला ते ठिकाण, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो ते ठिकाण आणि प्रतिवादी राहतो ते ठिकाण. म्हणजे रायपूरजवळ जखमी झालेला गोंदियाचा रहिवासी गोंदियातही दावा दाखल करू शकतो. विमा कंपनीचे कार्यालय ज्या न्यायाधिकरणाच्या हद्दीत आहे, तेथील दावाही केवळ हद्दीच्या तांत्रिक कारणावरून रद्द करू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घेतली आहे.

मात्र ठिकाण निवडताना व्यवहाराचा विचार आवश्यक ठरतो. तपास अधिकारी, पंच, उपचार करणारे डॉक्टर आणि प्रत्यक्षदर्शी छत्तीसगडमध्ये असतील, तर त्यांना साक्षीसाठी दुसऱ्या राज्यात बोलावणे वेळखाऊ ठरू शकते. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक तारखेला विधवा पत्नीने किंवा वृद्ध आईवडिलांनी शेकडो किलोमीटरचा प्रवास करणेही अवघड असते. छत्तीसगडमधील पोलिसांचे कागद हिंदीत असतात आणि त्यांतील काही संज्ञा महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित वाटतात. आकस्मिक मृत्यूच्या नोंदीला तेथे ‘मर्ग’ म्हणतात, तर जखमीच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदाला ‘मुलाहिजा’. या दोन्ही कागदांच्या प्रमाणित प्रती दाव्यात महत्त्वाच्या असतात.

मुदत किती?

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करणे अपेक्षित आहे. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ विलंबाच्या कारणावरून असे दावे फेटाळू नयेत, असे न्यायाधिकरणांना आणि उच्च न्यायालयांना सांगितले. हा दिलासा अंतरिम स्वरूपाचा असल्याने सहा महिन्यांची मर्यादा पाळणेच सुरक्षित आहे.

पोलिसांवरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि तपशीलवार अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यावयाचा असतो. हा तपशीलवार अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून न्यायाधिकरण विचारात घेऊ शकते. या नियमांच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सविस्तर निर्देश दिले होते. त्यामुळे पोलीस ठाण्यात जाऊन अहवाल कुठवर आला आहे, याची लेखी विचारणा करण्याचा कुटुंबाला अधिकार आहे.

तीन अपघात, तीन प्रश्न

पैसे कोण देणार, हा दाव्यातील पहिला वादाचा मुद्दा असतो. तृतीय पक्ष विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा असल्याने सामान्यतः ती जबाबदारी विमा कंपनीवर येते. तरीही अपघाताच्या स्वरूपानुसार उत्तर बदलते. प्रारंभी उल्लेखिलेल्या तीन घटनांसारख्या अपघातांत कोणते कायदेशीर प्रश्न उभे राहतात, हे पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो.

कुम्हारीसारख्या अपघातात कामगार मालकाने पुरवलेल्या वाहनातून प्रवास करत असतो. अशा वेळी कामगार नुकसानभरपाईचा कायदा आणि मोटार वाहन कायदा हे दोन्ही मार्ग उपलब्ध होऊ शकतात. मात्र कलम १६७ नुसार दोहोंपैकी एकच निवडावा लागतो. कामगार कायद्यात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, परंतु हिशेबासाठी धरल्या जाणाऱ्या वेतनाला कमाल मर्यादा असते. मोटार वाहन कायद्यात प्रत्यक्ष उत्पन्न आणि भविष्यातील वाढ दोन्ही धरली जातात. घाईने एका ठिकाणी अर्ज केल्यास दुसरे दार बंद होते, म्हणून दोन्ही हिशेब आधी मांडून पाहणे हिताचे असते.

बाहपानीसारख्या घटनेतील प्रश्न अधिक कठीण आहे. पिकअप हे मालवाहू वाहन आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मालासोबत प्रवास करत असेल, तर त्याला विम्याचे संरक्षण मिळते. परंतु मालवाहू वाहनातून केवळ प्रवासी म्हणून नेल्या जाणाऱ्या व्यक्तींबाबत विमा कंपनीवर वैधानिक दायित्व नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये दिला. अशा प्रकरणात दायित्व वाहनमालकावर येते आणि मालकाची ऐपत नसेल तर निवाडा हाती असूनही वसुली रखडते. काही प्रकरणांत न्यायालयांनी विमा कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि नंतर मालकाकडून वसूल करावी, असे आदेश दिले आहेत, पण ते गृहीत धरता येत नाहीत. ग्रामीण भागात मजूर, वऱ्हाडी आणि यात्रेकरू यांची ने-आण सर्रास मालवाहू गाड्यांतून होते. अपघात झाल्यावर त्यांच्या कुटुंबांपुढे हाच अडसर उभा राहतो.

खरोरासारख्या अपघातात दोन वाहने गुंतलेली असतात. दोन्ही चालकांचा दोष असल्यास त्यास संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात. प्रवाशाचा स्वतःचा दोष नसेल, तर तो कोणत्याही एका वाहनाच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून संपूर्ण भरपाई मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. आपापसातील वाटणी हा त्या दोन पक्षांचा प्रश्न राहतो. मालवाहू वाहनातील प्रवाशाच्या बाबतीतही समोरच्या वाहनाची विमा कंपनी जबाबदार ठरू शकते. कारण त्या वाहनाच्या दृष्टीने असा प्रवासी त्रयस्थ असतो. म्हणून दाव्यात दोन्ही वाहनांचे मालक, चालक आणि विमा कंपन्या यांना प्रतिवादी करणे महत्त्वाचे ठरते.

चालकाच्या परवान्यावरूनही वाद होतात. परवाना बनावट किंवा अवैध असला तरी विमा कंपनीला सामान्यतः त्रयस्थ व्यक्तीला आधी रक्कम द्यावी लागते, हे तत्त्व २००४ पासून रूढ आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती ७,५०० किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाचे व्यावसायिक वाहनही चालवू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्यामुळे लहान मालवाहू गाड्यांच्या अपघातांतील एक नेहमीचा आक्षेप निकाली निघाला.

मृत्यूच्या दाव्यातील गणित

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवर आजचे सारे गणित उभे आहे. २००९ च्या सरला वर्मा प्रकरणातील निर्णयाने वयानुसार गुणकाचा तक्ता आणि वैयक्तिक खर्चाच्या वजावटीचे प्रमाण ठरवून दिले. ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणातील पाच सदस्यीय पीठाच्या निर्णयाने भविष्यातील उत्पन्नवाढीचे प्रमाण निश्चित केले. स्वयंरोजगार किंवा निश्चित वेतन असलेल्या व्यक्तीचे वय ४० पेक्षा कमी असल्यास ४० टक्के, ४० ते ५० दरम्यान २५ टक्के आणि ५० ते ६० दरम्यान १० टक्के वाढ धरली जाते. कायम नोकरी असल्यास हेच प्रमाण अनुक्रमे ५०, ३० आणि १५ टक्के असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रायपूरमध्ये छोटे दुकान चालवणाऱ्या ३४ वर्षांच्या व्यक्तीचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये होते. त्याच्यामागे पत्नी, दोन मुले आणि आई आहेत. ४० टक्के वाढ धरता उत्पन्न २१,००० रुपये होते. चार अवलंबित असल्याने वैयक्तिक खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होऊन १५,७५० रुपये उरतात. वर्षाचे १,८९,००० रुपये होतात. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ असल्याने अवलंबितांचे नुकसान ३०,२४,००० रुपये ठरते. त्यात सहवासाला मुकल्याबद्दल प्रत्येक वारसाला ४८,४०० रुपये, अंत्यविधीसाठी १८,१५० रुपये आणि संपत्तीच्या नुकसानीपोटी १८,१५० रुपये मिळवल्यास एकूण रक्कम ३२,५३,९०० रुपये होते. यावर दावा दाखल झाल्यापासूनचे व्याज वेगळे मिळते.

आता याच कुटुंबाला १५,००० रुपयांचे उत्पन्न सिद्ध करता आले नाही आणि न्यायाधिकरणाने मासिक १०,००० रुपयेच धरले, असे समजू. अवलंबितांचे नुकसान २०,१६,००० रुपयांवर येते. दुकानाची नोंदवही, बँकेचे खातेपुस्तक, मालखरेदीच्या पावत्या किंवा आयकर विवरणपत्र यांच्या अभावी १०,०८,००० रुपयांचा फरक पडतो. वयाचेही तसेच आहे. ३५ ऐवजी ३६ वर्षे धरली गेल्यास गुणक १६ वरून १५ होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नसल्याचे सांगत शाळा सोडल्याच्या दाखल्याला प्राधान्य दिले. म्हणून तो दाखला शोधून ठेवणे आवश्यक आहे.

गृहिणीचा मृत्यू झाल्यास ‘उत्पन्न नव्हते’ असे म्हणून दावा नाकारता येत नाही. घरकामाचे आर्थिक मूल्य धरून त्यावर भविष्यातील वाढही द्यावी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये मांडली. कुटुंबाला मिळालेली आयुर्विम्याची रक्कमही भरपाईतून वजा होत नाही.

जखमीचा दावा : टक्क्यांचा अर्थ

जखमींच्या दाव्यांत सर्वाधिक नुकसान अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयीच्या गैरसमजातून होते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेतील घट यांत स्पष्ट फरक केला. डावा हात गमावल्यास सुताराची किंवा चालकाची उपजीविका जवळपास संपुष्टात येऊ शकते. कार्यालयातील लिपिकाची नोकरी मात्र टिकू शकते. जखम एकच असली तरी भरपाईचा हिशेब वेगळा होतो. २०१८ मध्ये दोन्ही हात निकामी झालेल्या एका सुताराच्या प्रकरणात प्रमाणपत्रावर ९० टक्के अपंगत्व असताना न्यायालयाने कमाईची हानी १०० टक्के धरली.

आकड्यांत हा फरक असा दिसतो. महिना १२,००० रुपये मिळवणाऱ्या २८ वर्षांच्या ट्रकचालकाचा पाय कापावा लागला आणि प्रमाणपत्रावर ६० टक्के अपंगत्व नमूद झाले, असे गृहीत धरू. ४० टक्के वाढीसह त्याचे वार्षिक उत्पन्न २,०१,६०० रुपये आणि गुणक १७ होतो. ६० टक्के हानी धरल्यास २०,५६,३२० रुपये मिळतात. त्याला पुन्हा ट्रक चालवता येणार नाही, हे सिद्ध झाल्यास पूर्ण ३४,२७,२०० रुपये मिळू शकतात. जखमीच्या दाव्यात वैयक्तिक खर्चाची वजावट होत नाही. याशिवाय उपचार, प्रवास, परिचारक, पुढील शस्त्रक्रिया, कृत्रिम अवयव, उपचारकाळात बुडालेली कमाई, वेदना आणि जीवनातील सुखसोयींना मुकणे यांसाठी स्वतंत्र रक्कम मागता येते.

त्यासाठी केवळ प्रमाणपत्र जोडणे पुरेसे नसते. उपचार करणाऱ्या किंवा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष आवश्यक असते. रायपूरमधील एम्स किंवा ‘मेकाहारा’ या नावाने ओळखले जाणारे डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय यांसारख्या मोठ्या रुग्णालयांतून घरी पाठवताना मिळणारा सारांश, क्ष-किरण चित्रे आणि औषधांची मूळ देयके म्हणूनच जपून ठेवावी लागतात. जखमी व्यक्तीचा पुढे अन्य कारणाने मृत्यू झाला, तरी तिचा भरपाईचा हक्क २०१९ च्या दुरुस्तीमुळे वारसांकडे कायम राहतो.

दोष सिद्ध करण्याचा भार

न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्याइतका कठोर पुरावा लागत नाही. घटना कोणत्या प्रकारे घडल्याची शक्यता अधिक आहे, एवढे दाखवणे पुरेसे असते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटला, तरी तेवढ्यावरून भरपाईचा दावा बाद होत नाही. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्याच कारणाने भरपाईत कपात करता येत नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटले आहे.

दोष सिद्ध करणे शक्य नसेल, तर कलम १६४ अन्वये मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची निश्चित भरपाई मागता येते. मात्र ती घेतल्यास कलम १६६ चा दावा करता येत नाही. वाहन धडक देऊन पळून गेले आणि त्याचा शोध लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे नव्हे, तर उपविभागीय पातळीवरील महसूल अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोखरहित उपचारांचीही तरतूद आहे.

निवाडा, अपील आणि पैसा

निवाड्यानंतर ३० दिवसांत रक्कम जमा करणे बंधनकारक असते. रक्कम कमी वाटल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. छत्तीसगडमधील दाव्यांसाठी हे न्यायालय बिलासपूर येथे आहे. वादाची रक्कम १ लाख रुपयांपेक्षा कमी असल्यास अपील होत नाही. लोकअदालतीत तडजोड केल्यास पैसे लवकर हाती येतात, पण त्या निवाड्याविरुद्ध अपील करता येत नाही. म्हणून तडजोडीला संमती देण्यापूर्वी वर दिलेल्या पद्धतीने स्वतःचा हिशेब करून पाहणे इष्ट ठरते. कंपनीने देऊ केलेला आकडा कुठे कमी पडतो, हे त्यातून लगेच कळते.

अपघातानंतर रुग्णालयाच्या दारातच ‘भरपाई मिळवून देतो, मिळेल त्यातला हिस्सा द्या’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवता येत नाही किंवा मिळालेल्या रकमेत हिस्सा मागता येत नाही. कोऱ्या कागदावर, वकालतनाम्यावर किंवा धनादेशावर घाईत सही करणे म्हणूनच टाळावे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत अवलंबण्यास सांगितले आहे. अज्ञान वारसांचा वाटा न्यायाधिकरण सहसा मुदत ठेवीत ठेवते.

महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्याची माहिती मिळते. अर्ज करताना प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन किंवा वैद्यकीय तपासणीचा अहवाल, वाहनाचे नोंदणीपत्र, विमापत्र, चालकाचा परवाना, वयाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि वारसांची ओळखपत्रे यांच्या प्रती सोबत ठेवाव्यात. यांतील एखादा कागद पोलिसांकडे अडकला असेल, तर त्याच्या मागणीचा पोच मिळालेला अर्जही फाइलमध्ये असावा.